बोट उचलल्यानंतर

मोबाइलच्या पडद्यावर आपण बोट सर्रकन वर सरकवतो आणि उचलतो. पान मात्र थांबत नाही. ते आपल्या वेगात पुढे जात राहतं, हळूहळू मंदावतं आणि कुठेतरी स्थिरावतं. हे मंदावणं इतकं अंगवळणी पडलंय की त्यामागे कुणी गणित मांडलं असेल असं मनातही येत नाही. आयफोनमध्ये ते गणित अगदी उघड आहे. बोट उचलल्यावर पानाचा वेग दर मिलिसेकंदाला आधीच्या ०.९९८ पट होतो. एका सेकंदानंतर जेमतेम साडेतेरा टक्के वेग उरतो, दोन सेकंदांनंतर दोन टक्क्यांहून कमी. या एका आकड्यावरून पान कुठे जाऊन थांबणार हे बोट उचललं त्याच क्षणी सांगता येतं. सुटतानाचा वेग मिलिसेकंदाला किती पॉइंट (आयफोनवर अंतर मोजायचं एकक) होता ते बघायचं आणि त्याला पाचशेने गुणायचं. वेग दोन पॉइंट असेल तर पान हजार पॉइंट पुढे जाणार, म्हणजे एका पडद्याहून थोडं जास्त. अँड्रॉइडचं सूत्र वेगळं आहे, पण तिथेही मुक्काम आधीच ठरलेला असतो.

मराठी वाचनाचं एक अ‍ॅप बनवणाऱ्या छोट्या गटात मी काम करते. बातम्या, लेख, कथा, दिवाळी अंकांतलं साहित्य असं सगळं एकाखाली एक येत राहतं आणि वाचक ते सरकवत जातो. या कामात आल्यापासून त्या ०.९९८ चं मला अप्रूप वाटत आलंय. पान सुटल्यापासून थांबेपर्यंत जो दोनएक सेकंदांचा वेळ मिळतो, त्यात वाचक कुठे पोचणार हे यंत्राला आधी कळलेलं असतं. तिथलं चित्र, तिथला मजकूर त्याच्या आधी पोचवता आला तर त्याला वाट बघावी लागत नाही. अशा आधी आणून ठेवण्याला आम्ही प्रीलोड म्हणतो. आणि वाचक पुढे काय करेल याचा अंदाज नोंदींवरून शिकणाऱ्या मॉडेलकडे सोपवायचा, हा त्यातला पुढचा टप्पा. त्याबद्दल मला लिहायचंय, कारण हे मॉडेल किती हुशार आहे याची चर्चा खूप होते आणि त्याचा खर्च कोण उचलतं हे फारसं कुणी विचारत नाही.

सुरुवातीच्या आयफोनवर एखादं लांबलचक वेबपान जोरात सरकवलं की मजकुराच्या जागी चौकड्यांची जाळी दिसायची. पान रंगवून व्हायच्या आत बोट पुढे निघून गेलेलं असायचं. चौकड्या दिसल्या तरी चालतील, पण बोटाखालचं पान अडता कामा नये, असा तो निर्णय होता आणि माझ्या मते तो अगदी बरोबर होता. त्याच सुमारास, २००६ साली, एझा रास्किन या डिझायनरने शेवट नसलेल्या स्क्रोलची रचना केली. पुढे त्यांनी स्वतःच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. पानाच्या तळाशी असणारे १, २, ३ असे दुवे त्यानंतर हळूहळू गेले. मला त्यात एक बदल फार मोठा वाटतो. दुव्यावर टिचकी मारणारा वाचक काहीतरी मागत असे, म्हणून क्षणभर थांबायलाही तयार असे. सरकवणारा वाचक काही मागतच नाही. त्यामुळे थांबावं लागलं की त्याला तो बिघाड वाटतो.

एखादी गोष्ट तत्काळ घडली असं माणसाला वाटण्याची मर्यादा साधारण एक दशांश सेकंदाची, हे वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी १९९३ साली लिहून ठेवलंय. ४जीवर सर्व्हरपर्यंत नुसतं जाऊन यायलाच त्यातला मोठा वाटा निघून जातो. मागितल्यावर आणायचं म्हटलं तर हिशेब जमतच नाही. आधी आणावं लागतं, आणि आधी आणायचं म्हटलं की अंदाज आला.

सगळ्यात साधा अंदाज ठरावीक अंतराचा. क्रोम ब्राउझर खालची चित्रं वाचकाच्या पडद्यापासून किती लांब असताना मागवायला लागतो, याचे आकडे जाहीर आहेत. २०२० पासून ४जीवर १२५० पिक्सेल, ३जी किंवा त्याहून मंद नेटवर २५०० पिक्सेल. त्याआधी ते ३००० आणि ४००० होते. नेट मंद असेल तर लांबूनच तयारीला लागायचं, एवढं शहाणपण त्यात आहे. अँड्रॉइडच्या पेजिंग लायब्ररीतही, म्हणजे लांब याद्या तुकड्यातुकड्यांनी आणणाऱ्या तयार कोडमध्येही, प्रीफेच डिस्टन्स नावाचा असाच एक आकडा असतो. आयफोनवर २०१६ पासून यादीला ‘पुढच्या या ओळी लागतील’ अशी आगाऊ सूचना मिळते (ओळ म्हणजे यादीतला एक घटक) आणि तिच्या जोडीला ‘त्या आता नकोत’ असं सांगणारी दुसरी सूचनाही. मला ही दुसरी सूचना जास्त आवडते. अंदाज चुकणार हे ती बनवणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून धरून चाललेलं दिसतं.

ठरावीक अंतर बहुतेक ठिकाणी पुरतं. ज्या अ‍ॅपमध्ये चित्रं लहान आहेत आणि सगळे एकाच पद्धतीने वाचतात, तिथे मॉडेलच्या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्याकडे तसं नाही. सकाळी चहाबरोबर मथळे चाळणारा वाचक एका दमात वीस-वीस मथळे मागे टाकतो. दुपारी दीर्घ लेख उघडून बसलेला वाचक अंगठ्याने एकेक परिच्छेद वर ढकलतो, मध्ये मिनिटभर काहीच हालत नाही. आणि तिसरा असतो, ज्याने मघाशी काहीतरी पाहिलेलं असतं आणि ते शोधत तो उलटा वर निघालेला असतो. पहिल्याला वीस ओळी पुढचं हवं. दुसऱ्याला खालचं एक चित्र पुरे. तिसऱ्यासाठी खाली आणलेलं सगळं वाया गेलं, आणि जे त्याला हवंय ते जागा करण्यासाठी कॅशेतून, म्हणजे फोनमधल्या तात्पुरत्या साठ्यातून, नुकतंच काढून टाकलेलं असतं. हे तिघं वेगळे असतात असंही नाही. एकच माणूस दिवसभरात तिन्ही तऱ्हांनी वाचतो.

सूत्राला जे कळत नाही ते इथून सुरू होतं. धावतं पान वाचक मध्येच बोट टेकवून अडवेल का, थांबल्यावर पुढचा झटका किती वेळाने आणि कोणत्या दिशेला येईल, एखाद्या मथळ्यावर टिचकी पडेल का. मॉडेलला आम्ही गेल्या काही झटक्यांचे वेग देतो, त्यांच्यामधली उसंत देतो, कुठल्या मजकुरावर पान किती वेळ स्थिर राहिलं ते देतो, पुढच्या ओळीत चित्र आहे की नुसता मजकूर ते देतो आणि नेटचा तेव्हाचा वेग देतो. ते प्रत्येक पुढच्या ओळीसाठी एक आकडा परत देतं: येत्या तीन सेकंदांत ही ओळ पडद्यावर येण्याची शक्यता किती. शिकवायला लागणारी खरी उत्तरं इथे आपोआप मिळतात. ओळ आली की नाही हे फोनला तीन सेकंदांनी कळतंच, कुणाला बसून खुणा कराव्या लागत नाहीत.

या विचाराचं मूळ जुनं आहे. आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने १९१३ साली पुश्किनच्या काव्यातली २०,००० अक्षरं हाताने मोजली आणि स्वरानंतर स्वर येण्याची शक्यता किती, व्यंजन येण्याची किती, हे काढलं. आत्ताच्या अवस्थेवरून पुढची अवस्था ओळखायची, मागचा सगळा इतिहास लक्षात ठेवायची गरज नाही. २०१८ साली गूगलमधल्या काही अभियंत्यांनी गेस डॉट जेएस नावाचं साधन काढलं. वेबसाइटवरच्या एका पानावरून लोक पुढे कुठे जातात याच्या नोंदींवर त्यांनी हीच मार्कोव्हची साखळी बसवली होती. आमचं मॉडेलही फार थोर नाही, छोट्या निर्णयवृक्षांचा, म्हणजे हो-नाही प्रश्नांच्या साखळ्यांचा, एक समूह आहे. ते लहान ठेवण्याला कारण आहे. पडदा सेकंदाला ६० वेळा बदलत असेल तर एका फ्रेमला १६.६ मिलिसेकंद मिळतात, १२० वेळा बदलत असेल तर ८.३. मजकूर मांडणं, चित्र रंगवणं, सगळं तेवढ्यात बसवायचं असतं. त्यात मॉडेल वाटा मागायला लागलं तर पान अडखळेल, आणि पानाचं अडखळणं टाळण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. म्हणून अंदाज बाजूच्या थ्रेडवर, म्हणजे पान रंगवण्याच्या कामाला समांतर, निघतो आणि उशिरा आला तर सरळ सोडून दिला जातो.

लहानपणी लग्नाच्या पंगतीत मी वाढप्यांकडे बघत बसायचे. चांगला वाढपी कुणी ‘भात’ म्हणायची वाट बघत नसे. पानावर किती उरलंय, माणूस भरभर जेवतोय की शेजाऱ्याशी बोलण्यात रमलाय, हात पानावर आडवा येतोय का, एवढं बघून तो वाढे किंवा पुढे जाई. मसालेभात तो सढळ हाताने वाढे, जिलबीला मात्र विचारे. पानात टाकलं जाणारं अन्न त्याच्या हिशेबात असे. आमच्या मॉडेलला वेग, उसंत, दिशा या गोष्टी पटकन आल्या. जिलबी आणि भातातला फरक शिकवणं अवघड होतं.

अवघड का, तर मॉडेल बरोबर ठरलं की चूक, हे मोजण्याची सोपी पद्धत फसवी आहे. ‘वाचक पुढची ओळ बघेल’ असं डोळे मिटून म्हणणारं मॉडेल जवळजवळ नेहमी बरोबर ठरतं आणि त्याचा काडीचा उपयोग नसतो, कारण पुढची ओळ तशीही आणलेलीच असते. आम्ही दोन गोष्टी मोजतो. वाचक पोचला तेव्हा चित्र आलेलं नव्हतं असं किती वेळा झालं, हा उशीर. आणलेलं चित्र कधीच पडद्यावर आलं नाही असं किती वेळा झालं, ही नासाडी. एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते. सगळंच आणून ठेवलं तर उशीर शून्य, काहीच आणलं नाही तर नासाडी शून्य. मॉडेलची खरी किंमत एवढीच की दोन्हींची बेरीज ते ठरावीक अंतरापेक्षा खाली आणतं का.

त्यासाठी मॉडेलने दिलेली शक्यता प्रामाणिक असावी लागते. ते सत्तर टक्के म्हणतं तेव्हा दहातल्या सात वेळा तसं होतं का, हे आम्ही सगळ्यात आधी तपासतो. तो आकडा भरवशाचा असला की पुढचं साधं आहे: वाट बघणं टळण्याची शक्यता आणि वाया जाण्याची किंमत शेजारी ठेवून बघायची. मजकुरासाठी दहा टक्के शक्यता असली तरी आणावा. मोठ्या चित्रासाठी निम्म्याहून जास्त हवी. व्हिडिओसाठी त्याहूनही बरीच जास्त. पण ती किंमत म्हणजे नेमकी कुणाची, हे तिथे लिहावं लागतं, आणि लिहायला बसलं की माणसं एकमेकांकडे बघायला लागतात.

अंदाजाने काम करणं संगणकात अगदी खालपर्यंत मुरलेलं आहे. प्रोग्राममध्ये फाटा आला की प्रोसेसर कुठल्या बाजूला जायचं याचा अंदाज बांधून आधीच पुढे धावतो. डॅनियल हिमेनेझ आणि कॅल्विन लिन यांनी २००१ साली या कामासाठी पर्सेप्ट्रॉन, म्हणजे शिकणाऱ्या यंत्राचं सगळ्यात लहान रूप, वापरता येईल असं दाखवलं आणि तसे अंदाजक पुढे एएमडीच्या प्रोसेसरांत आले. तिथे अंदाज चुकला तर काही नॅनोसेकंद जातात. वापरणाऱ्याच्या खिशाला हात लागत नाही. निदान २०१८ पर्यंत तसं वाटत होतं. त्या जानेवारीत स्पेक्टर नावाची त्रुटी जाहीर झाली आणि चुकलेल्या अंदाजांच्या मागे राहिलेल्या खुणांवरून गुपितं वाचता येतात हे कळलं. स्क्रोलमधल्या अंदाजाची किंमत इतकी लपलेली नाही. ती रोज रिचार्जमधून कापली जाते.

माझी आत्या चिपळूणजवळ राहते. तिच्या पॅकमध्ये दिवसाला दीड जीबी डेटा असतो. एकदा ती फोनवर म्हणाली, “अगं, दुपारीच नेट संपतं हल्ली. मी तर काही बघतसुद्धा नाही.”

“आत्या, तू व्हिडिओ बघत असशील.”

“नाही गं, नुसतं वर-खाली करते.”

नुसतं वर-खाली करण्यातच डेटा जात होता. कुठल्या अ‍ॅपमुळे, हे महत्त्वाचं नाही, कारण बहुतेक अ‍ॅप हेच करतात. हिशेब मांडून बघू. तीस सेकंदांचा व्हिडिओ सेकंदाला दीड मेगाबिट या दराने आला तर साडेपाच एमबीच्या थोडा वर जातो. पुढचे पाच व्हिडिओ पूर्ण आणून ठेवले की २८ एमबी. आत्या त्यातला एक दोन सेकंद बघते आणि अ‍ॅप बंद करून कुकर उतरवायला जाते. दिवसातून वीस वेळा असं झालं तर साडेपाचशे एमबी गेले, दिवसाच्या डेटाचा तिसरा हिस्सा, न बघितलेल्या गोष्टींवर. तेच प्रत्येक व्हिडिओचे पहिले दोन सेकंद आणले असते तर एकाला ३७५ केबी पुरले असते. बाकीचं बघायला लागल्यावर आणता येतं. छोट्या व्हिडिओंवर संशोधन करणाऱ्यांनी हे हेरलंय. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या डॅशलेट या कामात कुठल्या व्हिडिओवरून लोक साधारण कधी पुढे सरकतात हे बघून कुठला तुकडा आधी आणायचा ते ठरवलेलं आहे.

दीड जीबी संपल्यावर नेट बंद पडत नाही, बऱ्याच पॅकमध्ये ते सेकंदाला ६४ किलोबिटवर येतं. त्या वेगाने १५० केबीचं एक साधं चित्र यायला एकोणीस सेकंद लागतात. दुपारी आत्याचे जे दशांश सेकंद वाचवले, त्यांची भरपाई तिला संध्याकाळी अशी करावी लागते. हा उशीर कुठल्याही मॉडेलच्या हिशेबात येत नाही, कारण तो तीन सेकंदांनी घडत नाही, सात तासांनी घडतो आणि बहुतेकदा दुसऱ्याच अ‍ॅपमध्ये घडतो. तरीही ज्याने दुपारी आणून टाकलं त्याच्या नावावर तो मांडला पाहिजे असं मला वाटतं. आमच्याकडे म्हणून वाचकाने फोनमध्ये डेटा बचत चालू केली असेल तर मॉडेलचं मत विचारलंच जात नाही. त्याने ती चालू केली नसेल तरी दिवसभरात आम्ही किती अंदाजाने आणायचं याला वरची मर्यादा आहे, आणि ती संपली की पुढचं फक्त मागितल्यावर येतं.

मजकुराची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याबद्दल मला आनंदाने सांगावंसं वाटतं. देवनागरीचं एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, रोमन अक्षराला एक. मराठी मजकूर जड असतो अशी त्यावरून समजूत होते. पण हजार शब्दांचा मराठी लेख वीस केबीच्या आसपासच भरतो आणि दाबून पाठवला की त्याहून पुष्कळ कमी. एका चित्राच्या जागेत अख्खी कथा मावते. कोकण रेल्वेने जाताना याचा अर्थ कळतो. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. गाडी ताशी ८० किलोमीटरने गेली तरी पाच मिनिटं आत राहते. मिनिटाला दोनशे शब्द वाचणाऱ्याला तेवढ्यात हजार शब्द लागतील, म्हणजे तेच वीस केबी. डोंगरातून जाताना नेट तुटतं, जुळतं, पुन्हा तुटतं. हा तुटण्याचा नमुना मॉडेलला दिसतो. वाचक कुठे आहे हे त्याला माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नाही. नेट असं आचके द्यायला लागलं की ते चित्रं बाजूला ठेवून पुढचा मजकूर तेवढा ओढून घेतं. बोगद्यात वाचक खाली सरकत राहतो, चित्रांच्या जागी करडे चौकोन दिसतात, पण गोष्ट तुटत नाही. या सगळ्या कामातली मला सगळ्यात जास्त समाधान देणारी बाब कोणती असं कुणी विचारलं तर मी ही सांगेन.

एकदम आणण्याचा बॅटरीलाही फायदा होतो. फोनचा रेडिओ जागा झाला की डेटा आल्यावर लगेच झोपत नाही, ४जीवर दहाएक सेकंद जागाच राहतो. दर पाच सेकंदांनी एकेक ओळ आणली तर त्याला झोपच मिळत नाही. पाच लेखांचा मजकूर एका खेपेत आणला तर तो निवांत राहतो.

आता ज्या गोष्टीमुळे मी या विषयाबद्दल अस्वस्थ होते तिच्याकडे येते. मॉडेल नोंदींवरून शिकतं. मंद नेट असलेल्या वाचकाची नोंद कशी दिसते? चित्रं उशिरा येतात, तो कंटाळतो, दोन-तीन झटक्यांनंतर अ‍ॅप बंद करतो. मॉडेल त्यातून शिकतं की मंद नेटवरचे वाचक फार पुढे जात नाहीत. मग अशा वाचकासाठी पुढचं आणण्यात अर्थ नाही असं त्याचं मत होतं, ते कमी आणतं, चित्रं आणखी उशिरा येतात आणि वाचक आणखी लवकर जातो. पुढच्या महिन्याच्या नोंदींत मॉडेलचं मत आणखी पक्कं होतं. अंदाजाने स्वतःच स्वतःला खरं केलेलं असतं. शहरात ५जीवर बसलेल्या माणसाला मात्र भरभरून मिळत राहतं, कारण तो वाचतो, आणि तो वाचतो कारण त्याला मिळतं. तालुक्याच्या गावातल्या वाचकाला वाचायची आवड कमी आहे असा निष्कर्ष काढणारे तक्ते याच नोंदींवरून बनतात आणि बैठकांत दाखवले जातात. ते बघताना मला राग येतो.

हे चक्र तोडण्याचा मला पटलेला एकच मार्ग आहे. थोड्या वाचनसत्रांत मॉडेलला गप्प बसवायचं आणि नेट कितीही मंद असलं तरी मजकूर हात सैल सोडून आणायचा. ही सत्रं चिठ्ठ्या टाकून निवडायची, कुणाचा फोन कुठला हे बघायचं नाही. मग जी नोंद मिळते तीच काय ती निखळ असते: वाट बघावी लागली नाही तर हा माणूस किती वाचतो. शिकवताना या नोंदींना जास्त वजन द्यायचं. यात थोडी नासाडी होते आणि आकडे आवडणाऱ्यांना ती बोचते. तरी ती करायलाच हवी, नाहीतर मॉडेल वाचकाबद्दल काहीच शिकत नाही, फक्त आपल्याच हातचं काम बघून शिकतं.

दुसरा धोका याच्या शेजारीच आहे. २०१५ च्या अखेरीला फेसबुकने मंद नेटसाठी एक बदल जाहीर केला: नवीन पोस्ट येत नसतील तर आधी आणून ठेवलेल्या, न बघितलेल्या पोस्ट फोनवरच पुन्हा क्रमाने लावून दाखवायच्या. रिकाम्या पडद्यापेक्षा ते नक्कीच बरं, आणि त्या वेळच्या आपल्याकडच्या नेटसाठी तर फारच बरं. पण तिथे एक सीमा ओलांडली जाते. काय आणून ठेवायचं हा अंदाज होता, आता काय दाखवायचं हा निर्णय त्यावरून होतो. जे आणलेलं आहे तेच वर येणार, जे वर येईल तेच वाचलं जाणार, आणि वाचलं गेलं म्हणून उद्या तसंच आणलं जाणार. वाचकाची आवड आणि कॅशेतला साठा यांत फरक करता येईनासा होतो. म्हणून संपादकांनी लावलेला क्रम आमच्या अ‍ॅपमध्ये मॉडेलला बदलता येत नाही. आणि वाचक कोण, त्याला राजकारण आवडतं की पाककृती, हे आम्ही मॉडेलला सांगत नाही. त्याला बोट दिसतं, नेट दिसतं, ओळीची उंची दिसते. आवड कळली तर अंदाज थोडा सुधारेल, हे मला मान्य आहे. तेवढ्या सुधारणेसाठी ती माहिती या कामात आणावी असं मला वाटत नाही. तीन सेकंद पुढचं बघायला माणसाच्या मनात शिरावं लागत नाही.

आधी आणणं म्हणजे वाचकाच्या नावाने काहीतरी करणं, हे विसरलं की काय होतं याचं एक जुनं उदाहरण आहे. २००५ च्या मे महिन्यात गूगलने वेब अ‍ॅक्सिलरेटर नावाचं साधन आणलं. ते पानावरचे दुवे आधीच उघडून ठेवायचं. काही वेब अ‍ॅप्समध्ये ‘डिलीट’ हाही एक साधा दुवाच असायचा, आणि या साधनाने तोही इमानेइतबारे उघडला. लोकांची टिपणं, याद्या पुसल्या गेल्या. आता क्रोम अशा आगाऊ मागणीच्या कपाळावर सेक-पर्पज नावाची चिठ्ठी लावतो, म्हणजे सर्व्हरला कळतं की माणूस अजून आलेला नाही. आम्हीही तसंच करतो. अंदाजाने आणलेला लेख ‘वाचला’ म्हणून मोजला जात नाही. लेखकाला वाचकसंख्या कळवताना तरी त्यात मॉडेलचे अंदाज मिसळलेले नसावेत.

अलीकडे माझा वेळ जातो तो वेगळ्याच वाचकांसाठी. अँड्रॉइडवर दृष्टिहीन वाचक टॉकबॅक वापरतात, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय. त्यात बोट उजवीकडे फिरवलं की पुढचा घटक वाचून दाखवला जातो, आणि तो पडद्याबाहेर असेल तर यादी आपणहून सरकवली जाते. अ‍ॅपला सरकण्याची सूचना मिळते पण झटका नाही, वेग नाही, सुटणं नाही. ज्या खुणांवर आमचं मॉडेल उभं आहे त्यातली एकही तिथे नसते. तसंच चालू ठेवलं तर ते वेग शून्य समजतं, वाचक थांबलाय असं मानतं आणि पुढचं काहीच आणत नाही. म्हणून टॉकबॅक चालू असलेल्या फोनवर मॉडेल बंद असतं आणि ठरावीक अंतराचा जुना नियम चालतो, फक्त अंतर पुष्कळ मोठं. चित्रं मागे ठेवून चित्रांची वर्णनं आधी येतात. वर्णनाची दोन वाक्यं तीनशेएक बाइटांत मावतात, त्यामुळे पन्नास ओळी पुढचं आणलं तरी कुणाच्या पॅकला धक्का लागत नाही. वरच्या दिशेचंही तितकंच जपून ठेवायचं असं आम्ही ठरवलंय, कारण ऐकताना एखादं वाक्य निसटलं की मागे जाण्यावाचून इलाज नसतो.